डेंटिस्ट मंडळींना लॅबवाल्याचं खुलं पत्र : ब्रिजची चिठ्ठी जरा नीट लिहा, आणि तिची एक कॉपी पेशंटला द्या

नमस्कार डॉक्टर मंडळी,

मी पुण्यात एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकच्या टेबलवर बसतो. तुम्ही दोन दात घासून मधल्या रिकाम्या जागेसकट माप पाठवता आणि आठवड्याभराने छोट्या डबीत तीन दातांचा ब्रिज तुमच्याकडे परत येतो, तर त्या मधल्या आठवड्यातला माणूस मी. पेशंटने मला कधी पाहिलेलं नसतं, मीही त्याला पाहिलेलं नसतं, माझ्यापुढे येतं ते प्लास्टरचं मॉडेल आणि त्याला रबर लावून अडकवलेली तुमची चिठ्ठी. हे पत्र त्या चिठ्ठीबद्दल आहे.

मध्ये एक चिठ्ठी आली, तिच्यावर एवढंच लिहिलेलं : '३ युनिट, पीएफएम, ए२, अर्जंट'. म्हणजे तीन दात, आत धातू वर सिरॅमिक, ए२ नावाची रंगछटा, आणि घाई. बस. पेशंट बाई की माणूस, वय काय, कुठला दात नाहीये, समोरचा दात कसा आहे, चावा कुठे लागतो, काही नाही. शिंप्याकडे कापड टाकून 'शर्ट, मोठा, उद्या' म्हणून निघून जावं तसलं काम. आणि सगळ्यात मजा म्हणजे या चार शब्दांच्या भरवशावर त्या माणसाच्या तोंडात पुढची दहा-पंधरा वर्षं काय राहणार ते ठरतं. बरं हे सगळे असंच करतात असं अजिबात नाही, काही डॉक्टर असे आहेत की त्यांची चिठ्ठी वाचूनच पेशंट डोळ्यासमोर उभा राहतो, सोबत फोटो असतो, शेड गाइडची, म्हणजे रंग जुळवायच्या नमुन्याची, पट्टी दाताला लावून काढलेला, आणि त्यांचं काम आम्ही आधी घेतो हेही सांगून टाकतो, कारण ते एका फटक्यात बसतं. पण असे थोडे. बाकीच्यांसाठी हे पत्र.

आधी दात घासण्याबद्दल बोलतो, कारण तिथून मागे फिरता येत नाही. पूर्ण कॅपसाठी दात तयार करताना किती दात जातो हे मोजून झालेलं आहे. २००२ सालच्या एका अभ्यासात दातांची वजनं करून बघितली, तर पीएफएम किंवा सिरॅमिक कॅपसाठी दाताच्या वरच्या भागातलं ६३ ते ७२ टक्के मटेरियल निघून जातं असं आलं. म्हणजे जो शेजारचा दात बिचारा काही न करता उभा होता, ज्याला कीड नाही काही नाही, त्याचा एक तृतीयांश उरतो. आणि ब्रिजला असे दोन लागतात. आता शेजारच्या दातांना आधीच मोठी फिलिंगं असतील, रूट कॅनल झालेलं असेल, तर त्यांना तशीही कॅप लागणारच होती, मग ब्रिज हा एकदम बरोबर निर्णय, त्यात काही वाद नाही. माझा जीव तुटतो ते धडधाकट दातांचं प्रेप टेबलवर येतं तेव्हा. मॉडेलवर ते लगेच कळतं हो, आजूबाजूचे सगळे दात स्वच्छ, कुठे फिलिंग नाही, आणि मध्ये हे दोन खुंट.

एका मुलीचं मॉडेल आठवतं. चिठ्ठीवर वय १७ लिहिलेलं (हे तरी लिहिलेलं!). वरचा पटाशीशेजारचा छोटा दात जन्मतःच आलेला नव्हता, आणि काम मागितलं होतं तीन युनिट झिरकोनिया (धातूशिवायचं कडक पांढरं सिरॅमिक), म्हणजे पटाशीचा एक आणि सुळा एक असे दोन कोरे दात पूर्ण घासलेले. सतराव्या वर्षी दाताची नस मोठी असते, घासताना तिच्याजवळ पोचायला वेळ लागत नाही. आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू, त्या वयात करू नये हे तुम्हीच शिकवता, जबडा वाढायचा थांबेपर्यंत. मग मधली काही वर्षं काढायला मेरीलँड ब्रिज नव्हता का? मागून एका दाताला पातळ पंख चिकटवायचा, इनॅमल जेमतेम खरवडायचं किंवा तेही नाही. त्याची सुरुवात १९७३ मध्ये रोशेत नावाच्या डेंटिस्टने भोकांच्या धातूच्या पट्टीने केली, मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात धातू एच करून, म्हणजे खरखरीत करून, चिकटवायची पद्धत निघाली, तेव्हापासून हे नाव. जुन्या पद्धतीचे निघायचे, मान्य. पण आता पुढच्या दातांना एकाच बाजूला पंख ठेवून जे करतात ते चांगले टिकतात, आणि निघालाच तर परत चिकटवता येतो, खाली दात शाबूत असतो. आमच्याकडे वर्षभरात येणाऱ्या ब्रिजमध्ये मेरीलँड बोटावर मोजण्याइतके. कारण काय ते तुम्हाला माहीत आहे, तीन युनिटचं बिल होतं, पंखाच्या ब्रिजचं तेवढं होत नाही. कडू वाटेल पण लिहिलं.

त्या मुलीच्या आईवडिलांना हा पर्याय कुणी सांगितला होता का, हे मला माहीत नाही आणि मला ते कळायचा मार्गही नाही. म्हणूनच म्हणतो की चिठ्ठीवर एक ओळ वाढवा : कुठले दात घासले, त्यांची आधीची अवस्था काय होती, आणि पेशंटला दुसरे कुठले पर्याय सांगितले. इम्प्लांट, काढघालीची पार्शल कवळी, मेरीलँड, किंवा काहीच न करणं.

हो, काहीच न करणं हाही पर्याय आहे, तो आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. दाढ काढली की लगेच 'गॅप भरून घ्या नाहीतर सगळे दात हलतील' हे ठरलेलं वाक्य. शेजारचा दात झुकतो आणि समोरचा दात वर किंवा खाली सरकतो हे खरं आहे, मी रोज मॉडेलवर बघतो, कधी कधी समोरची दाढ इतकी खाली आलेली असते की पॉन्टिक, म्हणजे मधला खोटा दात, बसवायला जागाच उरत नाही आणि मग 'पातळ करा' असा फोन येतो. पण प्रत्येकाचं तसं होत नाही, आणि अगदी मागची दाढ गेली असेल तर अनेकांचं काही अडत नाही. नेदरलँड्समध्ये कायझर नावाच्या डेंटिस्टने १९८१ मध्येच मांडलं की मागच्या काही दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उपदाढांच्या जोड्या शाबूत असतील तर माणूस व्यवस्थित चावून खातो. जपानने १९८९ पासून ८० वर्षांच्या वयात २० दात टिकवायची मोहीम चालवली, ३२ नाही, २०. आणि आपल्याकडे साठीच्या आजोबांची शेवटची दाढ गेली तर चिठ्ठी येते : '३५, ३६ कॅप, ३७ लटकवून द्या.' म्हणजे खालच्या डाव्या बाजूच्या दोन दातांना कॅप आणि त्यांच्या मागे तिसरा नुसता लटकता. अहो डॉक्टर, मागे आधार नसलेली दाढ लटकवली की चावताना सगळा जोर पुढच्या दोन दातांच्या मुळांवर तरफेसारखा येतो, हे कॉलेजात मुलांनाही शिकवतात. सांगून बघितलं की उत्तर येतं, पेशंटची डिमांड आहे. पेशंटला कुठून माहीत असणार हो कँटिलिव्हर म्हणजे काय!

लांब ब्रिजचंही तेच. एक दात नसेल आणि दोन्हीकडे आधार असेल तर ठीक. पण वाकण्याचं गणित लांबीच्या घनात चालतं, एका पॉन्टिकच्या जागी दोन आले की ब्रिज आठपट वाकतो आणि तीन आले की सत्तावीसपट. जाडी निम्मी केली तरी परत आठपट. वाकला की सिरॅमिकचा टवका उडतो नाहीतर टोकाच्या कॅपचं सिमेंट सुटतं. झिरकोनिया म्हणजे काहीही झेपतं असं एक झालंय हल्ली, पण त्यालाही मागच्या दातांत जॉइंटला, म्हणजे दोन दात जोडलेल्या जागेला, निदान ९ चौरस मिलिमीटर लागतात, आणि दात मुळातच बुटके असतील, वर घासून अजून बुटके झाले असतील, तर ते मी आणू कुठून? जॉइंट जाड केला तर खाली हिरडीजवळ ब्रश जायला जागा राहत नाही, बारीक केला तर तुटतो. हे घासायच्या आधी ठरवायचं असतं. आधी एक साधं माप पाठवा, आम्ही मेणात करून दाखवतो जागा किती आहे ती, फोनवर पाच मिनिटं बोलू, त्याचे पैसेही कुणी मागत नाही.

आणि एक्सरे. मॉडेलवर हिरडीच्या वरचं दिसतं, मूळ दिसत नाही. आपल्या भागात मिशरी लावणाऱ्या बायका अजून आहेत, तंबाखू आहे, गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे ती कागदावर, शुगर घरोघरी. अशा तोंडात हाड खाली गेलेलं असतं आणि दात उंच दिसतात. मॉडेलवर मला वाटतं वा काय लांब छान दात आहेत ब्रिजला, आणि प्रत्यक्षात ते हलत असतात. चिठ्ठीवर 'ग्रेड वन हलतो' (किंचित हलतो) एवढं लिहिलं तरी मी विचारीन की डॉक्टर, आधी हिरडीचं काम झालंय ना.

आता मापाबद्दल. ब्रिजची कड दातावर जिथे संपते ती रेघ, मार्जिन, ती मापात स्पष्ट आली तर काम निम्मं झालं. येतं काय, तर हिरडी दाबायची कॉर्ड न घालता घेतलेलं माप, रेघेच्या जागी रक्ताचा किंवा लाळेचा बुडबुडा, आणि चिठ्ठीवर 'मार्जिन अंदाजे घ्या'. अंदाजे! केसाएवढ्या फटीतून आत सिमेंट धुपतं आणि तिथे कीड लागते. अल्जिनेटच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या पावडरच्या, मापात तर दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतायला हवं, ते ओल्या कापसात गुंडाळून पोराच्या बाइकच्या डिकीत सिंहगड रोडवरून ट्रॅफिकमधून येतं, तोवर त्याचा आकार कुठल्या कुठे गेलेला असतो. काही जणांना वाटतं स्कॅनर घेतला की हा प्रश्न मिटला. स्कॅनर महाग आणि चांगला असेल, पण त्याला जे दिसतं तेच तो पाठवतो, हिरडीखाली झाकलेली रेघ त्यालाही दिसत नाही, फक्त आता ती स्क्रीनवर छान रंगीत धूसर दिसते.

घासलेलं कमी पडलं तर त्याचं वेगळंच. पीएफएमला चावायच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर तरी लागतात, धातू, त्यावर धातूचा काळपटपणा झाकणारा ओपेक, त्यावर सिरॅमिकचे थर, प्रत्येक थर ९०० डिग्रीच्या आसपास भाजायचा. जागा एक मिलिमीटर दिली की ओपेकच वर येतो आणि दात पांढराफटक दिसतो, मग फोन येतो 'शेड चुकली'. झिरकोनियाचं आम्ही २० ते २५ टक्के मोठं मिल करतो (मशीनवर कोरतो), मग १५०० डिग्रीच्या आसपास भट्टीत ते आकसून मापात येतं, त्या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून 'उद्या सकाळी पाहिजे, पेशंटकडे लग्न आहे' हे दर वेळी जमत नाही. आणि ए२ सगळ्यांनाच नसते बरं का. पन्नाशीच्या चहा-तंबाखूवाल्या माणसाच्या तोंडात मध्येच ए२ लावला की तो ब्रिज रस्त्यापलीकडून ओळखू येतो.

दातांचे नंबरही एकाच पद्धतीने लिहा ना. काही जण ४६ लिहितात, काही अधिकची खूण काढून एका कोपऱ्यात ६ लिहितात, आणि घाईत ती खूण उजवी की डावी, तुमच्या बाजूने की पेशंटच्या, हे देव जाणे. मॉडेल सोबत असतं म्हणून निभावतं.

धातूचंही लिहा. स्वस्तातल्या पीएफएममध्ये बहुतेक निकेल-क्रोमियम असतं. ज्या बाईला खोटे कानातले घातले की खाज सुटते तिला निकेल चालत नसण्याची शक्यता असते, हे विचारायला एक मिनिट लागतं. काही अलॉयमध्ये (मिश्रधातूंमध्ये) बेरिलियमही असायचं, ते घासताना उडणारी धूळ आमच्या फुप्फुसात जाते, म्हणून बेरिलियम-फ्री लिहिलेलंच घ्या असं तुम्ही म्हणालात तर लॅब ऐकते. आम्ही कामगार म्हणालो तर ऐकतीलच असं नाही. आणि युनिटमागे पन्नास रुपये कमी करणाऱ्या लॅबकडे तुम्ही वळलात की ती पन्नास रुपये कुठून वाचवते याचा विचार एकदा कराच.

आता कॉपी पेशंटला का द्या म्हणतो ते. आमच्याकडे जुने ब्रिज येतात, 'रिपीट करा' असं लिहून. तसा एक हातात धरून बघा. तीन दात वरून चकचकीत, शेड अजून जशीच्या तशी. उलटा केला की एका टोकाच्या कॅपमध्ये सिमेंट पांढरं घट्ट बसलेलं, आणि दुसऱ्या टोकाच्या कॅपमध्ये सिमेंट नाहीच, आत काळा मऊ गाळ, आणि जंतुनाशकात बुडवून आणला तरी वास जात नाही. एक टोक सुटलं, दुसऱ्याने धरून ठेवलं, त्यामुळे ब्रिज हललाच नाही आणि पेशंटला कळलंच नाही, आत मात्र लाळ आणि अन्न जाऊन दात सडत राहिला. त्या माणसाला कुणी सांगितलं असतं की 'चावताना एका बाजूने पाणी आल्यासारखं वाटलं, वास आला, खारट लागलं तर लगेच या', तर दात वाचला असता. त्याच्याकडे कागद म्हणून काय होतं? लॅबचं वॉरंटी कार्ड, पंधरा वर्षांचं. ते कार्ड आमच्या झिरकोनियाचं असतं हो, त्याच्या दाताचं नसतं! खाली दात किडला तर कार्ड काही कामाचं नाही, पण पेशंट समजतो पंधरा वर्षं बघायला नको. हे कार्ड देताना दोन वाक्यं बोला.

तसे ब्रिज वाईट टिकत नाहीत. बाहेर झालेल्या मोठ्या आढाव्यांमध्ये दोन्हीकडे आधार असलेले साधे ब्रिज दहा वर्षांनी दहापैकी जवळपास नऊ तोंडात असतात. इम्प्लांटवरच्या एकेका कॅपचाही आकडा त्याच आसपास आहे, त्यामुळे 'ब्रिज म्हणजे जुनं झालं, इम्प्लांटच करा' हेही सरसकट खरं नाही. पण तोंडात असणं वेगळं आणि काहीही तक्रार न होणं वेगळं, आणि टिकण्यात मोठा वाटा खालून साफ करण्याचा असतो. मी पॉन्टिकचा खालचा भाग गोल, गुळगुळीत आणि हिरडीला जेमतेम टेकेल असा करतो ते कशासाठी? खालून सुपरफ्लॉस (साफ करायचा जाड दोरा) नाहीतर बारीक इंटरडेंटल ब्रश फिरावा म्हणून. आणि लोकांना तो ब्रश असतो हेच माहीत नाही. माझ्या मावशीला ब्रिज बसवून बराच काळ झाला होता, दिवाळीत घरी आली तेव्हा मी विचारलं खालून साफ करतेस का, तर म्हणाली, 'खालून? ते चिकटवलंय ना, खाली काय जाणार?' चार दातांचे पैसे भरलेत तिने, मेडिक्लेम अपघात सोडला तर दाताच्या कामाला सहसा हात लावत नाही, म्हणजे सगळे खिशातून, आणि तीस-चाळीस रुपयांच्या ब्रशबद्दल एक शब्द नाही.

म्हणून मागणी एवढीच. चिठ्ठी पूर्ण लिहा, कार्बन घालून, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून, आणि एक प्रत पेशंटला द्या. त्यात दातांचे नंबर, ते आधी कसे होते, मटेरियल नावानिशी, लॅबचं नाव, सांगितलेले पर्याय, साफ कसं करायचं आणि परत कधी दाखवायचं. मराठीत लिहा, बाई वाचेल अशी. उद्या ती सोलापूरला मुलाकडे राहायला गेली आणि तिथे ब्रिज सुटला तर तिथल्या डॉक्टरला कळेल तोंडात काय आहे, नाहीतर तो कापूनच काढणार. तुमच्याही फायद्याचं आहे, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात आहे, तिथे तुमच्या बाजूने बोलायला हा कागदच असतो. तुमच्या शाखांच्या मीटिंगा होतात, कॉन्फरन्स होतात, तिथे एक नमुना छापून वाटा, लॅबवाले आपापल्या पॅडवर तोच छापतील, खर्च आमचा.

आणि हो, लॅबचं नाव त्यात आलं की आमच्यातल्या निष्काळजी लोकांचीही पंचाईत होईल, हे मला माहीत आहे. होऊ दे.

तुमचाच,
एक सिरॅमिस्ट, पुणे

ता.क. माप पाठवताना आधी वाहत्या पाण्याखाली धुवा आणि जंतुनाशक मारून मगच पिशवीत घाला. रक्त लागलेली मापं अजून येतात, आणि ती उघडणारं पोर नवीन असतं, त्याला हेपटायटिस बीची लस घ्यायची असते हेही कुणी सांगितलेलं नसतं. आमच्या लॅबमध्ये आता सगळ्यांचे तिन्ही डोस झालेत. तुमच्या लॅबमध्ये झालेत का, पुढच्या वेळी फोन केलात की विचारा.